रस्ता जोडतो, तसा तोडतोही!

मुंबईत परळ आणि प्रभादेवी या वस्त्यांना जोडणारा एल्फिन्स्टन पूल १२ सप्टेंबर २०२५ च्या रात्री वाहतुकीसाठी बंद करण्यात आला. तो पाडून त्याच जागी दुमजली पूल उभारण्याचा हा प्रकल्प आहे. बातमी मुंबईची असली तरी तिच्या मुळाशी असलेला प्रश्न लोहमार्गाने आणि महामार्गाने दुभंगलेल्या प्रत्येक गावाचा आहे. हिंगोलीही त्याला अपवाद नाही. जुना झालेला वाहतूक मार्ग नव्याने बांधताना तो केवळ अधिक रुंद करायचा, की त्याने तोडलेल्या वस्त्याही पुन्हा जोडायच्या, याचा हा आढावा.

हिंगोली – रस्ता म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे जोडणी येते. गाव तालुक्याला, तालुका जिल्ह्याला आणि जिल्हा राजधानीला जोडला गेला, की विकास झाला, असे आपण मानतो. ते चुकीचेही नाही. तथापि, या जोडणीला दुसरी बाजू आहे. जो रस्ता अकोल्याला नांदेडशी जोडतो, तोच वाटेतल्या गावाचे दोन तुकडे करू शकतो. लांबच्या प्रवाशाचा अर्धा तास वाचतो, त्याच वेळी रस्त्याच्या अलीकडे राहणाऱ्या विद्यार्थ्याला पलीकडच्या शाळेत जाण्यासाठी पंधरा मिनिटे अधिक चालावे लागते. पहिल्या लाभाची नोंद प्रकल्प अहवालात होते. दुसऱ्या तोट्याची नोंद बहुधा कुठेच होत नाही.

पन्नास-साठ वर्षांपूर्वी जगभरातील शहरांनी वाहनांसाठी द्रुतगती मार्ग, उड्डाणपूल आणि उन्नत रस्ते बांधले. ही बांधकामे आता म्हातारी झाली आहेत. त्यांचे काँक्रीट झडते आहे, लोखंड गंजते आहे. साहजिकच ती दुरुस्त करायची, पाडून नव्याने बांधायची, की त्यांच्या जागी वेगळेच काही करायचे, असा प्रश्न उभा राहिला आहे. संपूर्ण पुनर्बांधणीची ही संधी शहराच्या आयुष्यात पन्नास-शंभर वर्षांत एकदाच येते. म्हणूनच ती कशी वापरली जाते, याला महत्त्व आहे.

वस्ती दुभंगते म्हणजे नेमके काय होते?

एक साधा हिशेब पाहू. वीस मीटर रुंदीचा रस्ता ओलांडणारा धडधाकट माणूस सेकंदाला साधारण सव्वा मीटर चालतो. म्हणजे त्याला सुमारे सोळा सेकंद लागतात. ताशी ८० किलोमीटर वेगाने येणारे वाहन तेवढ्या वेळात साडेतीनशे मीटर अंतर कापते. पादचाऱ्याने पहिले पाऊल टाकले, तेव्हा जे वाहन दिसतही नव्हते, ते रस्ता ओलांडून होण्याआधी त्याच्यापर्यंत पोहोचू शकते. म्हातारी व्यक्ती किंवा कडेवर मूल घेतलेली बाई असेल, तर हेच सोळा सेकंद पंचवीस होतात. मग माणसे हळूहळू रस्ता ओलांडणेच टाळू लागतात. पलीकडच्या दुकानात जाणे थांबते, मुलांना एकटे सोडणे थांबते, संध्याकाळी सहज म्हणून होणारे येणे-जाणे थांबते. रस्ता कोणी बंद केलेला नसतो. तरी तो बंद झालेला असतो.

अपघात टाळण्यासाठी मग दुभाजक उंच केला जातो, त्यावर जाळी बसते, मधली फट बुजवली जाते. सुरक्षिततेच्या दृष्टीने हे समर्थनीय असते; पण त्यामुळे समोर दिसणाऱ्या घरी जाण्यासाठी अर्धा-पाऊण किलोमीटरचा वळसा पडतो. वाहनधारक हा वळसा मिनिटभरात घालतो. पायी चालणाऱ्याच्या वाट्याला तो दिवसातून दोनदा, चारदा येतो. परिणामी कोणीतरी जाळी वाकवतो, दुभाजकाचा दगड काढतो आणि तेथे पुन्हा अपघात होतात. याला 'लोकांची बेशिस्त' म्हणून मोकळे होता येते. परंतु ज्या ठिकाणी माणसे रोज जीव धोक्यात घालून ओलांडतात, ते ठिकाण म्हणजे आराखड्यातून सुटलेली वाट असते, हेही समजून घ्यायला हवे.

लोहमार्गाच्या बाबतीत हे विभाजन अधिक पक्के असते. रूळ हलवता येत नाहीत, गाडी थांबवता येत नाही. ओलांडण्याच्या जागा मोजक्याच असतात. त्यामुळे पूल हा तेथे केवळ बांधकाम राहत नाही, तो दोन वस्त्यांमधला एकमेव दरवाजा ठरतो.

परळ-प्रभादेवी : एका पुलाची गोष्ट

मुंबईच्या नकाशावर दादर ते परळ या पट्ट्यात पश्चिम आणि मध्य रेल्वेचे मार्ग एकमेकांना लागून धावतात. पूर्वेला परळ, पश्चिमेला प्रभादेवी. एकेकाळी या दोन्ही बाजू मिळून गिरणगाव होते. गिरण्यांचे भोंगे दोन्हीकडे वाजत आणि कामगार दोन्हीकडून ये-जा करीत. हे ओलांडणे शक्य होते, ते एल्फिन्स्टन पुलामुळे. १९१३ च्या सुमाराचा हा पूल शतकाहून अधिक काळ वापरात राहिला. एल्फिन्स्टन रोड स्थानकाचे नाव २०१८ मध्ये प्रभादेवी झाले; पुलाची ओळख मात्र जुन्या नावानेच राहिली.

गिरण्या गेल्या आणि त्यांच्या जागी कार्यालयांचे मनोरे आले. स्थानकातील गर्दी वाढली, पण ओलांडण्याच्या सोयी त्या प्रमाणात वाढल्या नाहीत. त्याची भीषण किंमत २९ सप्टेंबर २०१७ रोजी मोजावी लागली. येथील अरुंद पादचारी पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर लष्कराच्या मदतीने नवा पादचारी पूल उभारण्यात आला आणि तो फेब्रुवारी २०१८ मध्ये खुला झाला. जे काम वर्षानुवर्षे रखडले होते, ते काही महिन्यांत होऊ शकते, हे त्या दुर्घटनेने दाखवून दिले. परंतु त्यासाठी २३ जीव जावे लागले.

आता वाहनांच्या पुलाचे काम शिवडी-वरळी उन्नत मार्गाचा भाग म्हणून हाती घेण्यात आले आहे. सुमारे साडेचार किलोमीटरचा हा मार्ग पूर्वेकडील अटल सेतूला पश्चिमेकडील वरळी आणि सागरी किनारा मार्गाशी जोडणार आहे. सुमारे २२ किलोमीटर लांबीचा अटल सेतू १२ जानेवारी २०२४ रोजी सुरू झाला. त्यावरून येणारी वाहने परळच्या गल्लीबोळात न शिरता थेट वरळीला जावीत, हा यामागचा हेतू. नव्या दुमजली पुलाच्या वरच्या मजल्यावरून ही लांब पल्ल्याची वाहतूक जाईल, तर खालचा मजला परळ-प्रभादेवी या स्थानिक वाहतुकीसाठी असेल.

या आराखड्यातील महत्त्वाची गोष्ट हीच आहे. दुरून येऊन दूर जाणारी वाहने आणि अलीकडून पलीकडे जाणारी वस्तीतील माणसे यांच्या गरजा वेगळ्या आहेत. पहिल्यांना वेग हवा, दुसऱ्यांना वाट हवी. एकाच पृष्ठभागावर दोघांना कोंबले की दोघांचेही हाल होतात. म्हणून मजले वेगळे करणे हा एक मार्ग ठरतो. नागपूरमध्ये वर्धा मार्गावर याच विचाराने ३.१४ किलोमीटरचा दुमजली मार्ग उभारण्यात आला. तेथे जमिनीवर स्थानिक रस्ता, त्यावर उड्डाणपूल आणि सर्वांत वर मेट्रो अशी रचना २०२० पासून वापरात आहे.

मात्र, परळ-प्रभादेवीची गोष्ट अभियांत्रिकीवर संपत नाही. पूल बंद करण्याचा प्रयत्न एप्रिल २०२५ मध्येही झाला होता. तेव्हा परिसरातील रहिवासी रस्त्यावर उतरले. पुलाला खेटून असलेल्या जुन्या इमारतींचे काय, हा त्यांचा प्रश्न होता. पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या घराच्या बदल्यात त्याच परिसरात घर मिळणार की दूर कुठेतरी, याचे उत्तर मिळाल्याशिवाय पूल बंद करू देणार नाही, अशी भूमिका त्यांनी घेतली. वस्त्या जोडणाऱ्या पुलासाठी वस्तीतलीच माणसे विस्थापित होणार असतील, तर जोडणी नेमकी कोणाची, हा सवाल अवघड असला तरी टाळता येण्याजोगा नाही.

दुसरा प्रश्न रुग्णांचा. परळमध्ये केईएम, टाटा स्मारक आणि वाडिया ही रुग्णालये आहेत. राज्याच्या कानाकोपऱ्यातून, अगदी मराठवाड्यातूनही, रुग्ण तेथे जातात. पूल बंद झाल्यावर पश्चिमेकडून येणाऱ्या वाहनांना उत्तरेला दादरचा टिळक पूल, किंवा दक्षिणेला करी रोड आणि चिंचपोकळीचे पूल गाठावे लागतात. पुनर्बांधणीचा काळ हा असा दुहेरी परीक्षेचा असतो. जुना दरवाजा बंद झालेला असतो आणि नवा उघडलेला नसतो.

घाई आणि विसंवाद यांची किंमत

जुने पाडून नवे बांधताना काय चुकू शकते, याचे धडेही राज्यातच आहेत. अंधेरीच्या गोखले पुलाचा पादचारी भाग ३ जुलै २०१८ रोजी रुळांवर कोसळला. नोव्हेंबर २०२२ मध्ये संपूर्ण पूल बंद झाला आणि अंधेरीचे पूर्व-पश्चिम दळणवळण कोलमडले. २६ फेब्रुवारी २०२४ रोजी नव्या पुलाची एक बाजू सुरू झाली, तेव्हा शेजारच्या बर्फीवाला उड्डाणपुलाशी तिची पातळीच जुळत नसल्याचे साऱ्या शहराने पाहिले. नवा पूल वर, जुना उड्डाणपूल खाली. पुढे जुना भाग उचलून ही जोडणी करावी लागली. दुसरी बाजू मे २०२५ मध्ये खुली झाली. रुळांवरचा भाग रेल्वेच्या नियमांनुसार उंच करावा लागतो आणि पोहोचमार्ग महापालिकेचे असतात. दोन यंत्रणांच्या आराखड्यांत वेळीच मेळ बसला नाही, तर काय होते, याचे हे उदाहरण ठरले.

पुण्यात विद्यापीठ चौकातील उड्डाणपूल २०२० मध्ये पाडण्यात आला. तो जेमतेम चौदा-पंधरा वर्षांचा होता. म्हातारपण हे त्याच्या पाडण्याचे कारण नव्हते. हिंजवडी-शिवाजीनगर मेट्रोच्या रचनेत तो बसत नव्हता, हे होते. त्याच्या जागी मेट्रो आणि वाहने या दोहोंसाठी दुमजली पूल उभारण्याचे काम सुरू झाले आणि त्याची पहिली मार्गिका ऑगस्ट २०२५ मध्ये खुली झाली. बांधतानाच सार्वजनिक वाहतुकीचा विचार झाला असता, तर हा पैसा आणि पुणेकरांची पाच वर्षे वाचली असती.

जगाने काय केले?

दक्षिण कोरियाच्या सोल शहरातील चाँगेचॉन या ओढ्यावर गेल्या शतकात आधी स्लॅब टाकण्यात आला आणि त्यावर सुमारे ५.८ किलोमीटरचा उन्नत द्रुतगती मार्ग बांधण्यात आला. त्यावरून आणि खालच्या रस्त्यावरून रोज दीड लाखाहून अधिक वाहने जात. बांधकाम जीर्ण झाल्यावर ते दुरुस्त करण्याऐवजी पाडून टाकण्याचा निर्णय शहराने घेतला. २००३ मध्ये काम सुरू झाले आणि ऑक्टोबर २००५ मध्ये तेथे ओढा पुन्हा वाहू लागला. काठाने पायवाटा झाल्या, ओढ्यावर जागोजागी पूल आले. वाहतूक कोलमडेल, ही भीती खरी ठरली नाही. कारण त्याच काळात, २००४ मध्ये, शहराने बससेवेची फेररचना करून बससाठी रस्त्याच्या मध्यभागी स्वतंत्र मार्गिका दिल्या होत्या. अर्थात, या प्रकल्पावर टीकाही झाली. ओढ्यात पाणी पंपाने आणावे लागते, रस्त्याकडेच्या विक्रेत्यांना हटावे लागले आणि परिसरातील भाडी वाढली. सौंदर्य आले, परंतु तेथील सर्वच गरिबांना ते पाहायला राहता आले नाही.

अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्कोत समुद्रकिनाऱ्यालगतचा एम्बार्काडेरो हा उन्नत मार्ग १९८९ च्या भूकंपात खिळखिळा झाला आणि १९९१ मध्ये पाडण्यात आला. त्या जागी झाडांचा रस्ता आणि ट्राम आली. बॉस्टन शहराने १९५९ चा उन्नत मार्ग जमिनीखाली नेला आणि वरच्या जागेत उद्यान केले. पण त्याचा खर्च मूळ अंदाजाच्या कित्येक पटींनी वाढून १४ अब्ज डॉलरच्या वर गेला. सिरॅक्यूज शहरात १९६० च्या दशकातील महामार्गाने कृष्णवर्णीयांची वस्ती चिरली होती. तेथील उन्नत भाग काढून साधे रस्ते करण्याचे काम २०२३ मध्ये सुरू झाले. अशा प्रकल्पांसाठी अमेरिकेने २०२१ च्या कायद्यात एक अब्ज डॉलरची तरतूद केली. रस्त्याने झालेले विभाजन हे सार्वजनिक नुकसान आहे आणि त्याची भरपाई सार्वजनिक पैशातून व्हावी, हे तत्त्व त्यातून प्रथमच मान्य झाले.

हिंगोलीचा संबंध काय?

हिंगोलीत द्रुतगती मार्ग नाही, मेट्रोही नाही. पण दुभंगण्याचे दोन्ही घटक येथे आहेत. निजामाच्या राजवटीत हिंगोली ही लष्करी छावणी होती. पलटण, रिसाला, तोफखाना, सदर बाजार ही वस्त्यांची नावे त्याची साक्ष देतात. त्या शहराची रचना पायी आणि घोड्यावर चालणाऱ्यांसाठी झाली होती. नंतर लोहमार्ग आला. पूर्णा-अकोला हा मीटरगेज मार्ग २००८ मध्ये ब्रॉडगेज झाला आणि वसमत, हिंगोली, वाशीम ही शहरे देशाच्या मुख्य रेल्वेजाळ्यात आली. ही जिल्ह्याची जुनी मागणी होती आणि तिचा लाभ मोठा आहे. परंतु गाड्या वाढल्या, त्यांचा वेग वाढला, मालगाड्या लांब झाल्या, की रूळ ओलांडणे तेवढेच अवघड होते.

रस्त्याचेही तसेच. अकोला, वाशीम, हिंगोली, कळमनुरी, वारंगा फाटा, नांदेड, देगलूर असा पुढे तेलंगणातील संगारेड्डीपर्यंत जाणारा मार्ग आता राष्ट्रीय महामार्ग क्रमांक १६१ आहे. अलीकडच्या वर्षांत अकोला-नांदेड टप्प्याचे चौपदरीकरण हाती घेण्यात आले. दक्षिण आणि उत्तर भारत जोडणारी मालवाहतूक या मार्गाने जाते. दुसरीकडे हाच जिल्हा पायी चालणाऱ्यांचा आहे. शेगावहून पंढरपूरला निघालेली गजानन महाराजांची पालखी सेनगाव, नरसी, औंढा नागनाथ अशी याच जिल्ह्यातून जाते. नरसी नामदेव आणि औंढ्याला भाविकांची रीघ असते. हिंगोलीच्या दसरा महोत्सवात रामलीला मैदानावर पंचक्रोशीतील माणसे लोटतात. संत नामदेव मार्केट यार्डात हळदीचा हंगाम सुरू झाला, की मराठवाड्याबरोबर विदर्भातूनही वाहने येतात आणि त्यांच्या रांगा लागतात. लांबची वाहतूक आणि गावची वर्दळ यांची गाठ येथेही रस्त्यावरच पडते.

एक लाखाचे गणित

रेल्वे फाटकाच्या जागी पूल केव्हा होतो? यासाठी रेल्वेचा एक मापदंड आहे. चोवीस तासांत फाटकावरून जाणाऱ्या गाड्यांची संख्या आणि रस्त्यावरील वाहनांची एकके यांचा गुणाकार केला जातो. तो एक लाखाच्या वर गेला, की ते फाटक उड्डाणपुलासाठी पात्र ठरते. उदाहरणार्थ, दिवसाला २० गाड्या आणि ५,००० वाहन-एकके असतील, तर गुणाकार एक लाख होतो. खर्च रेल्वे आणि राज्य शासन यांनी निम्मा-निम्मा उचलण्याची पद्धत राहिली आहे. राष्ट्रीय महामार्गांवरील फाटके हटविण्यासाठी केंद्राने २०१६ मध्ये 'सेतू भारतम्' ही स्वतंत्र योजनाही सुरू केली.

या मापदंडात मोटार किंवा बैलगाडी एक एकक धरली जाते, रिक्षा अर्धे. पायी चालणाऱ्याचे मोल शून्य! शाळेची तीनशे मुले रोज फाटक ओलांडत असली, तरी गुणाकारात भर पडत नाही. ज्या गावात माणसे चालतात आणि वाहने कमी आहेत, ते गाव या गणितात मागे राहते. वाहतूक मोजण्याची ही रीतच पादचाऱ्याला अदृश्य करते.

पूल मंजूर झाला, तरी प्रश्न संपत नाही. विद्युतीकरण झालेल्या मार्गावर गाडीच्या वरच्या तारांसाठी जागा सोडून पुलाचा रस्ता रुळांपासून साधारण आठ मीटर उंच न्यावा लागतो. दर तीस मीटरला एक मीटर असा चढ धरला, तर प्रत्येक बाजूला सुमारे अडीचशे मीटरचा पोहोचमार्ग होतो. फाटकालगत राहणाऱ्या माणसाला पूर्वी रूळ ओलांडायला वीस-पंचवीस पावले लागत. आता त्याने उलट दिशेला अडीचशे मीटर जायचे, चढायचे, उतरायचे आणि पुन्हा मागे यायचे. एकंदर एक किलोमीटरचा हा फेरा आहे. पोहोचमार्गाच्या दोन्ही अंगांच्या दुकानांसमोर भिंत उभी राहते, ते वेगळेच. म्हणून पुलाच्या मध्यावर जिने, उतार असलेली पायवाट, किंवा रुळांखालून पादचाऱ्यांसाठी छोटा भुयारी मार्ग मूळ आराखड्यातच असायला हवा. नंतर मागितला, तर त्यासाठी निधी नसतो.

भुयारी मार्गाचेही पथ्य आहे. तो परिसरापेक्षा खोल असल्याने पाणी तेथेच धाव घेते. आपल्या भागातील काळी माती पाणी लवकर जिरू देत नाही. पाण्याचा निचरा करणारी चर, पंप आणि त्या पंपाची देखभाल कोण करणार, हे ठरले नाही, तर पावसाळ्यात भुयारी मार्गाचे तळे होते. मग ऐन गरजेच्या वेळी गाव पुन्हा दुभंगते.

वळणरस्त्यानंतर उरतो तो रस्ता

महामार्गांच्या बाबतीत मात्र एक चांगली संधी दडलेली आहे. शहराबाहेरून वळणरस्ता झाला, की शहरातून जाणारा जुना भाग राष्ट्रीय महामार्ग राहत नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या धोरणानुसार अशा भागाची एकदाच सुधारणा करून तो राज्याकडे सोपविला जातो. या एकवेळच्या सुधारणेतून बहुतेक ठिकाणी काय होते? खड्डे बुजतात, डांबराचा नवा थर येतो, दुभाजक रंगवला जातो. म्हणजे जो रस्ता आता महामार्ग नाही, त्याला पुन्हा महामार्गासारखेच रूप दिले जाते.

खरे तर हीच वेळ त्या रस्त्याचे रूप पालटण्याची असते. जड वाहने बाहेरून जाऊ लागल्यावर शहरातील रस्त्याला चार मोठ्या मार्गिकांची गरज उरत नाही. त्यातील काही जागा पदपथाला देता येते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचारीविषयक मार्गदर्शिकेनुसार पदपथावर किमान १.८ मीटर रुंदी अडथळ्याविना मोकळी असायला हवी. एसटीच्या थांब्यांसाठी आणि रिक्षांसाठी वेगळी जागा काढता येते. शाळा, बाजार, दवाखाना यांच्यासमोर रस्त्याला उंचवटा देऊन ओलांडण्याची जागा करता येते. भाजीविक्रेत्यांना उठवण्याऐवजी त्यांच्यासाठी कडेला जागा आखता येते. त्यासाठी सोलसारखा अवाढव्य खर्च लागत नाही. लागतो तो सुधारणेचे अंदाजपत्रक मंजूर होण्याआधी केलेला विचार.

वळणरस्त्याला व्यापाऱ्यांचा विरोध असतो. गाड्या बाहेरून गेल्या तर गिऱ्हाईक कोण, ही त्यांची चिंता निराधार नाही. महामार्गावरील हॉटेल, पेट्रोल पंप आणि गॅरेज यांचा धंदा घटतो, हे मान्य करायला हवे. परंतु किराणा, कापड, औषधे यांचे गिऱ्हाईक हे मुख्यतः गावातले आणि पंचक्रोशीतलेच असते. त्याला दुकानापर्यंत सुखरूप पोहोचता आले, थांबायला आणि चालायला जागा मिळाली, तर त्या दुकानदाराचे नुकसान होण्याचे कारण नाही. याउलट, रस्ता जुन्याच रूपात पडून राहिला, तर मात्र वाहनेही जातात आणि माणसेही येत नाहीत.

विचारायचे ते आधी विचारा

या सर्व उदाहरणांतून काही गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, रस्ता वा पूल बांधण्यापूर्वी तेथून किती वाहने जातात, याबरोबरच किती माणसे तो ओलांडतात, याचीही मोजणी व्हावी. दुसरी, दूरची वाहतूक आणि स्थानिक वाहतूक वेगळी करावी. परंतु ती करताना स्थानिकांची वाट लांब करू नये. तिसरी, रेल्वे, महामार्ग प्राधिकरण, सार्वजनिक बांधकाम विभाग आणि नगरपरिषद यांचे आराखडे एका टेबलावर यावेत. गोखले पुलाची गोष्ट त्यासाठी पुरेशी आहे. चौथी, काम सुरू असतानाची पर्यायी वाट हाही प्रकल्पाचाच भाग मानावा. रुग्णवाहिका आणि शाळकरी मुले यांची सोय झाल्याशिवाय जुना रस्ता बंद होऊ नये. आणि पाचवी, ज्यांची घरे-दुकाने जाणार, त्यांच्या पुनर्वसनाचा निर्णय पाडकामाआधी व्हावा.

नागरिकांच्या हाती काय आहे? मंजूर रस्त्याचा आराखडा आणि अंदाजपत्रक माहिती अधिकार कायद्यान्वये पाहता येते. आराखड्यात पदपथ कोठे आहे, ओलांडण्याच्या जागा किती अंतरावर आहेत, पावसाचे पाणी कुठे जाणार आहे, हे तीन प्रश्न कोणत्याही गावकऱ्याला विचारता येतील. त्यासाठी अभियंता असण्याची गरज नाही. उलट, रोज तो रस्ता ओलांडणाऱ्या माणसाइतका त्याचा जाणकार दुसरा नसतो. मात्र, हे प्रश्न निविदा निघण्यापूर्वी विचारावे लागतात. काँक्रीट ओतल्यानंतर उरते ते निवेदन, आंदोलन आणि पुन्हा निवेदन.

एल्फिन्स्टनचा पूल शंभर वर्षांहून अधिक टिकला. आज जिल्ह्यात उभे राहणारे पूल आणि रस्तेही पुढच्या दोन-तीन पिढ्या वापरणार आहेत. अकोल्याहून निघालेला ट्रक नांदेडला किती वेळात पोहोचला, याचा हिशेब कोणीतरी ठेवीलच. हिंगोलीतली मुलगी रस्त्यापलीकडच्या शाळेत एकटी जाऊ शकते की नाही, याचा हिशेब मात्र आपल्यालाच ठेवावा लागेल.